स्टॅन्ले कप अंतिम फेरी २०२४ : सात सामनापूर्व आढावे लिहितानाच्या नोंदी

५ जून, बुधवार : तयारी

फ्लोरिडा पँथर्स आणि एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघांत शनिवारपासून स्टॅन्ले कपची अंतिम फेरी (आधी चार सामने जिंकेल त्याला कप) सुरू होत आहे, आणि प्रत्येक सामन्याआधी मराठीत दोन पानांचा आढावा लिहून देण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. वाचक दोन प्रकारचे आहेत. टोरोंटोजवळच्या मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन परिसरातील साठेक मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना सामना समजून घेऊन पाहायचा आहे, तर पाचसहा जण रीतसर पैज लावतात आणि त्यांना पैशाचा निर्णय घेण्यापूर्वी काहीतरी वाचायला हवे आहे. ऑन्टारियोत परवानाधारक ऑनलाइन पैजेचा बाजार ४ एप्रिल २०२२ पासून खुला आहे आणि वयाची अट १९ वर्षांची आहे, त्यामुळे इथे त्यात लपवण्यासारखे काही नाही. मी स्वतः पैज लावत नाही.

कामाआधी एकच नियम ठरवला. प्रत्येक आढाव्याच्या शेवटी पँथर्स जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहायची, सामना सुरू झाल्यावर त्या आकड्याला हात लावायचा नाही आणि मालिका संपल्यावर सगळे आकडे निकालांशी ताडून पाहायचे. बाकीचे बरेच काही या नोंदींत चुकलेले दिसेल, पण या नियमामुळे चुका निदान मोजता आल्या.

७ जून, शुक्रवार : पहिला आढावा

सहा तास लागले, त्यांतील चार वाया गेले. मी दोन्ही संघांचा संपूर्ण हंगाम सांगायला बसलो होतो : ऑइलर्सची ३ विजय, ९ पराभव आणि १ अतिरिक्त वेळेतील पराभव अशी सुरुवात, नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांची हकालपट्टी, क्रिस नॉब्लॉक यांची नेमणूक, त्यानंतरचे सलग १६ विजय, पँथर्सचा २०२३ च्या अंतिम फेरीतील व्हेगासकडून झालेला पराभव, सॅम राइनहार्टचे ५७ गोल. हे सगळे खरे आहे आणि वाचायला गोडही लागते, पण उद्याच्या सामन्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. रात्री दीड पान खोडले आणि तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली गोष्ट गोलरक्षकांची. पँथर्सच्या सर्गेई बॉब्रोव्स्की याने उत्कृष्ट गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी दोनदा जिंकली आहे, तर ऑइलर्सच्या स्टुअर्ट स्किनरला याच प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) व्हँकुव्हरविरुद्ध काही सामने बाकावर बसावे लागले होते. दुसरी गोष्ट ऑइलर्सच्या पॉवर प्लेची : प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेसाठी बाहेर असताना मिळालेल्या संधींपैकी सुमारे ३७ टक्के संधींचे त्यांनी आधीच्या तीन फेऱ्यांत गोलांत रूपांतर केले होते, आणि पाच संधींत एक गोल हेही चांगले प्रमाण मानले जाते. तिसरी गोष्ट घरच्या मैदानाची. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाला आपले खेळाडू आधी बर्फावर पाठवावे लागतात आणि यजमान प्रशिक्षक ते पाहून आपले पाठवतो, त्यामुळे फ्लोरिडात पँथर्सचे प्रशिक्षक पॉल मॉरिस यांना ऑइलर्सचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड याच्यासमोर हवा तेव्हा आपला कर्णधार अलेक्झांडर बारकोव्ह उभा करता येतो. बारकोव्हला उत्कृष्ट बचाव करणाऱ्या आघाडीपटूची सेल्की ट्रॉफी गेल्याच महिन्यात दुसऱ्यांदा मिळाली आहे.

पँथर्स : ५४ टक्के.

९ जून, रविवार : दोन दुरुस्त्या

काल पँथर्स ३-० असे जिंकले. सकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला. मी आढाव्यात नुसते "८ जून, रात्री ८" असे लिहिले होते आणि ती बिचारी पुण्याच्या घड्याळाप्रमाणे शनिवारी रात्री आठ वाजता टीव्हीपुढे बसली. टोरोंटोचे रात्रीचे ८ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५.३०. आता प्रत्येक आढाव्याच्या माथ्यावर टोरोंटो, एडमंटन आणि पुणे अशा तीन ठिकाणांची तारीख व वेळ लिहितो. एडमंटनचे घड्याळ टोरोंटोपेक्षा दोन तास मागे असते, म्हणजे तिथे सामना संध्याकाळी ६ ला सुरू होईल, हे मला याच निमित्ताने नीट तपासावे लागले.

दुसरी चूक गणिताची होती. पैजेचे भाव (एक डॉलर लावून जिंकल्यास हाती येणारे डॉलर) समजावून सांगताना मी एक काल्पनिक उदाहरण घेतले होते : पँथर्सवर १.७७ आणि ऑइलर्सवर २.१०. एक भागिले भाव केले की शक्यता निघते, म्हणून मी ५६.५ आणि ४७.६ टक्के असे लिहून मोकळा झालो. शेजारच्या इमारतीतील काकांनी विचारले, "बेरीज शंभराच्या वर कशी जाते?" ते निवृत्त बँक अधिकारी आहेत, आणि असला प्रश्न त्यांच्याकडूनच यायचा. बेरीज १०४.१ होते; वरचे ४.१ म्हणजे भाव देणाऱ्याने आपल्यासाठी राखलेला वाटा. खरी शक्यता काढायची तर प्रत्येक आकड्याला १.०४१ ने भागावे लागते, आणि मग ५४.३ व ४५.७ उरतात. माझ्या वाचकांना मी नकळत दोन्ही संघ आहेत त्यापेक्षा बलवान दाखवले होते, आणि पैज लावणाऱ्याचे नुकसान नेमके याच फरकातून हळूहळू होत जाते.

आत्यासाठी आणि पुण्यातील इतर तिघांसाठी निघणाऱ्या प्रतीतून भावांचा भाग आजपासून काढून टाकला आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि त्यांना हॉकीच पाहायची आहे.

१० जून, सोमवार : दुसरा आढावा

पहिल्या सामन्यात ऑइलर्सनी गोलावर ३२ फटके मारले आणि पँथर्सनी १८. बॉब्रोव्स्कीने ३२ च्या ३२ अडवले, आणि पँथर्सचा तिसरा गोल ऑइलर्सनी गोलरक्षक काढून घेतल्यावर, शेवटच्या काही सेकंदांत रिकाम्या जाळीत गेला. म्हणजे धावफलक ३-० असा एकतर्फी असला तरी खेळ तसा नव्हता. हे मी आढाव्यात लिहिले, आणि तरीही पँथर्सचा आकडा ५४ वरून ५८ वर नेला. का नेला, याचे उत्तर आज शोधू पाहता माझ्याकडे "ते जिंकले म्हणून" यापलीकडे काही नाही.

पँथर्स : ५८ टक्के.

१२ आणि १३ जून : बारकोव्हचा घोळ

दुसरा सामना पँथर्सनी ४-१ असा जिंकला. या वेळी ऑइलर्सना केवळ १९ फटके मिळाले, त्यामुळे हा विजय खरोखर बचावाचा होता. पण तिसऱ्या सत्रात ऑइलर्सच्या लिऑन ड्रायसाइटलचा धक्का बारकोव्हच्या डोक्याला लागला आणि तो परतला नाही. तो एडमंटनमध्ये खेळणार की नाही, हे मी लिहायला बसलो तेव्हा स्पष्ट नव्हते. प्लेऑफमध्ये संघ दुखापतीबद्दल "शरीराचा वरचा भाग" किंवा "खालचा भाग" यापलीकडे सहसा बोलत नाहीत, आणि प्रशिक्षकाच्या उत्तरांतून अर्थ काढण्यात माझे दोन तास गेले.

मी काय करायला हवे होते आणि काय केले, हे इतरांसाठी सविस्तर नोंदवतो. माझ्या अंदाजाने बारकोव्ह खेळला तर पँथर्सची शक्यता ५० टक्के होती आणि न खेळला तर ४४. मी दोहोंची सरासरी काढून ४७ असे छापले. हा आकडा कोणत्याही परिस्थितीत खरा ठरणार नव्हता, कारण बारकोव्ह अर्धा खेळणार नव्हता. वाचकाला दोन वेगळे आकडे आणि "खेळाडूंची यादी पाहून यांपैकी एक घ्या" ही सूचना, एवढे पुरले असते. शिवाय गुरुवारी दुपारी मी दुरुस्त प्रत पाठवली, तोवर निम्म्या लोकांनी जुनीच प्रत पुढे धाडली होती. आता फाइलच्या नावातच तारखेबरोबर वेळ घालतो आणि पहिल्या ओळीत "अमुक वाजेपर्यंतच्या माहितीवर आधारित" असे लिहितो.

१४ जून, शुक्रवार : चौथा आढावा, आणि या कामातील सर्वांत मोठी चूक

बारकोव्ह खेळला, त्याने गोलही केला, आणि पँथर्स ४-३ असे जिंकून मालिकेत ३-० ने पुढे गेले. ४-१ अशा पिछाडीवरून ऑइलर्सनी तिसऱ्या सत्रात दोन गोल परत केले होते, याकडे मी फारसे लक्ष दिले नाही.

आढाव्याचे पहिले वाक्य मी असे लिहिले : "आता केवळ औपचारिकता उरली आहे." त्याला इतिहासाचा आधार दिला. अंतिम फेरीत ०-३ वरून मालिका जिंकण्याची किमया केवळ एकदा, १९४२ साली टोरोंटोने डेट्रॉइटविरुद्ध केली आहे; सर्व फेऱ्या धरल्या तर १९७५ मध्ये आयलंडर्स, २०१० मध्ये फ्लायर्स आणि २०१४ मध्ये किंग्ज एवढीच भर पडते. माहिती बरोबर होती, पण प्रश्न चुकीचा होता. वाचकांना मालिका कोण जिंकेल हे विचारायचे नव्हते. शनिवारचा एक सामना कोण जिंकेल, हे त्यांना हवे होते. सलग चार सामने जिंकणे दुर्मीळ असते, याचा त्यांतील पहिला सामना जिंकण्याशी फारसा संबंध नाही.

याहून वाईट म्हणजे, योग्य उत्तर त्याच पानावर माझ्याच हाताने लिहिलेले होते. बॉब्रोव्स्कीने तीन सामन्यांत ८६ पैकी ८२ फटके अडवले होते, म्हणजे ०.९५३. नियमित हंगामात त्याचे प्रमाण ०.९१५ होते. ऑइलर्सच्या पॉवर प्लेला तीन सामन्यांत दहा संधींत शून्य गोल मिळाले होते, आणि हाच पॉवर प्ले आधीच्या तीन फेऱ्यांत ३७ टक्क्यांनी चालला होता. दोन्ही आकडे आपापल्या नेहमीच्या जागेपासून दूर गेले होते, दोन्ही परत येणार होते आणि परत येताना दोन्ही ऑइलर्सच्याच बाजूला झुकणार होते. हे आकडे मी कौतुकाने छापले आणि त्यांच्या खाली लिहिले :

पँथर्स : ५५ टक्के.

१६ जून, रविवार

ऑइलर्स ८-१ ने जिंकले. १६ फटक्यांत पाच गोल गेल्यावर बॉब्रोव्स्कीला बाहेर काढावे लागले. मॅकडेव्हिडने एकाच प्लेऑफमधील सर्वाधिक साहाय्यांचा (सहकाऱ्याच्या गोलासाठी दिलेल्या पासांचा) वेन ग्रेट्झ्कीचा १९८८ मधील ३१ चा विक्रम मोडला. दुपारच्या जेवणाला काका भेटले आणि "औपचारिकता छान झाली," एवढेच म्हणाले.

ते वाक्य फाइलमध्ये तसेच ठेवले आहे.

१७ आणि १८ जून : पाचवा आढावा व रिकामी जाळी

या वेळी मी उलट्या बाजूला कलंडलो. ८-१ हा एक सामना आहे, त्यावरून वाहून जायचे नाही असे ठरवले, इथपर्यंत ठीक होते. पण मग "घरच्या प्रेक्षकांसमोर कप उचलण्याची संधी पँथर्स सोडणार नाहीत" असल्या वाक्यांनी जागा भरली आणि आकडा ६० वर नेला. सातही आढाव्यांतील हा सर्वांत मोठा आकडा, आणि त्यामागे मोजता येण्यासारखे सर्वांत कमी होते. निकाल : ऑइलर्स ५-३.

या सामन्याने पक लाइन या पैजेचा (पक म्हणजे हॉकीची रबरी चकती) धडा दिला, तो पैज लावणाऱ्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. मनीलाइनमध्ये फक्त कोण जिंकले हे पाहतात आणि त्यात अतिरिक्त वेळही धरली जाते. (केवळ ६० मिनिटांचा निकाल धरणारी पैज वेगळी असते व तिचे भाव वेगळे असतात, हे न वाचल्याने आमच्यातील एकाने एप्रिलमध्ये जिंकलेल्या संघावर पैसे हरले होते.) पक लाइनमध्ये एका संघावर दीड गोलाचा बोजा आणि दुसऱ्याला तेवढीच सूट असते : पसंतीच्या संघाने किमान दोन गोलांनी जिंकायचे, किंवा दुसऱ्याने एकापेक्षा जास्त गोलांनी हरायचे नाही. मी आढाव्यात "सामना एका गोलाच्या फरकाचा राहील" असे लिहिले होते, ते वाचून काकांनी पँथर्सच्या बाजूने दीड गोलाची सूट घेऊन २० डॉलर लावले. ऑइलर्स ४-१ ने पुढे होते, पँथर्सनी ते ४-३ वर आणले, आणि काकांची पैज शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत जिंकलेली होती. बरोबरीसाठी पँथर्सनी गोलरक्षक काढून त्याच्या जागी जादा आघाडीपटू आणला आणि मॅकडेव्हिडने पक रिकाम्या जाळीत सारला. ५-३. माझे भाकीत शब्दशः पाहिले तर जवळजवळ खरे होते, आणि तरी पैसे गेले.

हॉकीत एका गोलाने मागे असलेला संघ शेवटच्या एकदोन मिनिटांत गोलरक्षक काढतोच, त्यामुळे एका गोलाचा फरक शेवटी टिकून राहीलच असे नाही. "चुरशीचा सामना" आणि "एका गोलाचा निकाल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक लाइनवर लिहिताना आता स्वतंत्र वाक्यात सांगतो. काकांचे २० डॉलर परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

२१ जून, शुक्रवार : सहावा

दोन तासांत झाला. सामना पुन्हा एडमंटनमध्ये, शेवटच्या बदलाचा हक्क नॉब्लॉक यांच्याकडे, आणि ऑइलर्सची पेनल्टी किल, म्हणजे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, संपूर्ण प्लेऑफमध्ये ९० टक्क्यांहून अधिक यशस्वी. पँथर्स : ४५ टक्के. ऑइलर्स ५-१ ने जिंकले. त्यांतील शेवटचे दोन गोल रिकाम्या जाळीतले. दुसऱ्या सत्रात बारकोव्हचा एक गोल ऑफसाइडच्या तक्रारीवरून रद्द झाला. मॅकडेव्हिडला एकही गुण (गोल किंवा साहाय्य) मिळाला नाही आणि ड्रायसाइटलने मालिकेत अजून एकही गोल केलेला नाही. हे मी पुढच्या आढाव्यासाठी वेगळे टिपून ठेवले, कारण विजयाच्या आनंदात असले तपशील हरवतात.

२३ जून, रविवार : सातवा

१९४५ नंतर प्रथमच अंतिम फेरीत ०-३ वरून ३-३ झाले आहे. त्या वर्षी डेट्रॉइटने ही मजल मारली होती आणि सातवा सामना टोरोंटोने घेतला होता. कॅनडातील संघाने कप जिंकला त्याला ३१ वर्षे झाली. १९९३ चे मॉन्ट्रियल शेवटचे. इथे पैज न लावणारेही आढावा मागत आहेत.

अंतिम फेरीतील आजवरचे सातवे सामने हाताने मोजले. पहिल्यांदा १६ भरले, कारण १९४५ हे वर शब्दांत लिहिल्यामुळे यादीत घालायचे राहिले. दुरुस्तीनंतर १७ : यजमान १२ वेळा जिंकले, पाहुणे ५ वेळा (१९४५, १९७१, २००९, २०११, २०१९). म्हणजे यजमानांचे ७० टक्क्यांहून थोडे अधिक. हा आकडा ठळक छापायचा मोह झाला, पण याच यादीतील शेवटचे तीनही सामने पाहुण्यांनी जिंकले आहेत. सतरा सामन्यांच्या आणि ऐंशीहून अधिक वर्षांच्या यादीतून दोन्ही बाजूंच्या वाचकाला आपल्या मनासारखे काढता येते, म्हणून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवले आणि माझा अंदाज त्यांवर बांधला नाही.

जिथे सावध होतो तिथे वाचलो, जिथे नव्हतो तिथे पडलो. एकूण गोलांच्या भागात मी लिहिले की गेल्या चार सामन्यांत ७, ९, ८ आणि ६ गोल झाले, सरासरी ७.५, तेव्हा पैजेच्या ५.५ गोलांच्या रेषेपेक्षा जास्त गोल होण्याकडे कल धरावा. पहिल्या दोन सामन्यांत ३ आणि ५ गोल झाले होते, ते मी "जुने" म्हणून वगळले.

पँथर्स : ५२ टक्के.

२५ जून, मंगळवार

पँथर्स २-१. कार्टर व्हेरहेगीने पहिला गोल केला, माटियास यानमार्कने बरोबरी साधली, राइनहार्टने दुसऱ्या सत्रात विजयी गोल केला, आणि संपूर्ण तिसऱ्या सत्रात एकही गोल झाला नाही. एकूण तीन. मालिकेतील सर्व गोल मोजले तर ऑइलर्स २३ आणि पँथर्स १८, आणि कप पँथर्सकडे. पराभूत संघातील मॅकडेव्हिडला प्लेऑफमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळाली.

२६ जून, बुधवार : हिशेब

सात आकडे : ५४, ५८, ४७, ५५, ६०, ४५, ५२. निकाल : जय, जय, जय, हार, हार, हार, जय. प्रत्येक वेळी आकडा आणि निकाल (जय म्हणजे १, हार म्हणजे ०) यांतील फरकाचा वर्ग करून सरासरी काढली. याला ब्रायर गुण म्हणतात आणि तो जितका कमी तितका अंदाज चांगला. माझा ०.२५२ आला. सातही वेळा डोळे मिटून ५० लिहिले असते, तर ०.२५० आला असता. एकूण वेळ २४ तास. खर्च : आकडेवारीच्या एका सशुल्क सेवेचे १५ डॉलर, ज्यातील काहीही वापरले नाही कारण फटक्यांची आणि पॉवर प्लेची आकडेवारी लीगच्या स्वतःच्या पानावर फुकट मिळते, आणि शेवटच्या सामन्याला एकत्र जमलेल्या मंडळींसाठी छापलेल्या प्रतींचे १२ डॉलर.

चौथा आणि पाचवा आढावा सोडले तर सरासरी ०.२२० येते, म्हणून त्या दोन पानांवर अधिक वेळ बसलो. दोन्ही ठिकाणी आकडा आधी मनात ठरला होता आणि कारणे नंतर जमवली होती. त्यामुळे ऑक्टोबरसाठीच्या कोऱ्या नमुन्यात क्रम बदलला आहे. सर्वांत वर तीन शहरांची वेळ, मग गोलरक्षक आणि तो निश्चित झाला आहे की नाही, मग अनिश्चित खेळाडूंनुसार दोन वेगळे आकडे, मग कोणता आकडा आपल्या नेहमीच्या जागेपासून दूर गेला आहे आणि परतताना कोणाकडे झुकेल, त्यानंतर टक्केवारी. मागील सामन्याचा निकाल दुसऱ्या पानावर, तळाशी. काकांनी नमुना पाहून एक रकाना वाढवायला सांगितला आहे : "शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक काढला तर काय?" तो आज घातला.